बापूचं पालकत्व: कशासाठी आणि किती

माझा धाकटा भाऊ बापू ४३ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी आमचं गाव, तिथे तो आणि माय राहतात. सकाळी उठून गुरांना चारा टाकणं, दुधाची बरणी डेअरीवर पोचवणं, मायला पाणी शेंदून देणं ही त्याची कामं, आणि ती तो कोणी न सांगता करतो. नोटा रंगावरून ओळखतो, पण सुटे किती परत यायला हवेत ते त्याला कळत नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली की रथ ओढायला गेल्याशिवाय राहत नाही. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, घरात किती नारळ आणायचे, हे मायच्या आधी त्याला आठवतं.

कायद्याच्या दृष्टीने हा माणूस सज्ञान आहे. १८ पूर्ण झाली त्या दिवशी आईवडिलांचा त्याच्यावरचा पालक म्हणून अधिकार आपोआप संपला. ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती आणि खानदेशातल्या बहुतेक घरांत आजही ठाऊक नसते. "आईबाप आहेत ना, मग पालक वेगळा कशाला?" असं सगळे विचारतात. मी एरंडोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिव्यांग मुलांचे पालक भेटतात, त्यांना मी हेच सांगत असते म्हणून आज एकदा सविस्तर लिहिते.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा साडेचार एकर कोरडवाहू त्यांच्या नावावर होती. वारस तिघं: माय, मी आणि बापू. वारसनोंद लागायला अडचण आली नाही, फेरफार झाला, सातबाऱ्यावर तिघांची नावं चढली. भाऊबंदांपैकी एकाने सुचवलं होतं की बापूच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञानाचा पालक असा शेरा, लावून मायचं नाव टाका. पण ते अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, वारसासाठी असतं, आणि बापू तर तेव्हाच चाळिशीच्या घरात होता. खरी अडचण पीककर्जाच्या वेळी उभी राहिली. सामाईक खात्यावर कर्ज म्हणजे सगळ्या खातेदारांच्या सह्या. बँकेतल्या साहेबांनी बापूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "यांचं कसं करायचं?"

बाहेर ओट्यावर बसलेल्या ओळखीच्या माणसाने लगेच तोड सांगितली. अंगठा घ्या त्याचा, कोण विचारतं? आणि मग ते वाक्य, जे मी लहानपणापासून ऐकत आले आहे: "याले काय समजस?"

अंगठा घ्यायला बापूने नाही म्हटलं नसतं. मी सांगितलं तर तो कुठेही अंगठा देईल, आणि मला भीती वाटते ती याचीच. जो अंगठा आम्हाला इतक्या सहज मिळतो तो उद्या दुसऱ्या कोणालाही तितक्याच सहज मिळेल. आज पीककर्जाच्या कागदावर, उद्या साठेखतावर, म्हणजे जमीन विकायच्या करारावर. शिवाय तो कागद टिकतही नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करार करताना तो समजून घेऊन स्वतःच्या हिताचा विचार करता येत नसेल तर ती व्यक्ती करार करायला सक्षम धरली जात नाही, आणि तसा करार रद्दबातल ठरतो. दुसऱ्या कोणी कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून घ्या म्हणून सांगितलं. पण मुखत्यारपत्र देणाऱ्यालाच आपण काय देतोय ते कळावं लागतं. तो मार्गही आम्हाला नव्हता.

मार्ग होता तो राष्ट्रीय न्यास कायद्यात. हा १९९९ चा कायदा आहे आणि तो चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व. डाउन सिंड्रोमची मुलं बौद्धिक दिव्यांगत्वात येतात. या कायद्याच्या १४ व्या कलमाखाली १८ वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करतात आणि त्यात आपल्याला योग्य वाटेल त्या माणसाचं नाव सुचवतात. न्यासाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज भरता येतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, होऊ घातलेल्या पालकाची संमती, असे कागद लागतात. वकील लावावाच लागतो असं नाही. आम्ही लावला नाही.

अर्जदार माय झाली आणि तिने माझं नाव सुचवलं. तिचं वय आता सत्तरीपुढे आहे. आपणच पालक झालो तर काही वर्षांत पुन्हा हीच धावपळ करावी लागेल, हे तिने स्वतःच काढलं. "मी मरी गऊ ते याले कोन देखी?" हा प्रश्न ती गेली वीस वर्षं देवाला विचारत होती, तो तिने या निमित्ताने कागदावर मांडला.

पण माझं नाव पुढे आल्यावर घरात तणातणी झाली. नाना, म्हणजे आमचे चुलते, स्पष्ट बोलले. लेक परक्या घरी दिलेली, ती भावाची पालक कशी होणार? शेत जावयाच्या घरात जाईल. मला राग आला, रडूही आलं. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की नानांच्या बोलण्यातला एक भाग खरा आहे. त्याच सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. मी सहहिस्सेदारही आणि त्याची पालकही. वाटणी झाली तर त्याच्या बाजूने सही करणारी मीच आणि माझ्या बाजूनेही मीच. माझी नियत चांगली आहे एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की मी पालक असेपर्यंत वाटणी करायची नाही, हक्कसोड घ्यायची नाही, आणि हे नाना व गावातल्या दोन मोठ्या माणसांसमोर लिहून ठेवायचं. तसं लिहिलं. समितीलाही त्याची प्रत दिली. जिथे भाऊबहिणींपैकी कोणी पालक होणार असेल, तिथे एवढं तरी आधीच करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कायद्यात याची दुसरी सोयही आहे. पालक झाल्यापासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर-जंगम मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीकडे द्यावी लागते. पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. मालमत्ता त्या व्यक्तीच्याच नावावर राहते, पालक फक्त सांभाळतो. पालक हेळसांड करत असेल, छळ करत असेल किंवा मालमत्तेत हात मारत असेल तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे तक्रार करू शकतात, आणि चौकशीअंती त्याला काढता येतं. नानांना मी हे कलम वाचून दाखवलं. मी चुकले तर तुम्हीच तक्रार करा, असंही सांगितलं. त्यानंतर त्यांचा विरोध संपला. सुनावणीच्या दिवशी जळगावला ते आमच्यासोबत आले.

सुनावणीबद्दल मला जास्त लिहायचं आहे. मी तयारी करून गेले होते: कोणते कागद दाखवायचे, आप्पांच्या पेन्शनचं काय, शेताचं काय. मला वाटलं होतं प्रश्न मला विचारतील. पहिला प्रश्न बापूला विचारला गेला. समितीतल्या दिव्यांग सदस्यांनी खुर्ची त्याच्या जवळ घेतली आणि तू काय काम करतोस म्हणून विचारलं. बापू बिचकला, मायकडे पाहू लागला. माय म्हणाली, "तू बोल, तुना मनमा काय शे ते सांग." मग त्याने गाईचं नाव सांगितलं, डेअरीचं सांगितलं. ताईकडे राहायला जाशील का, असं विचारल्यावर मान हलवली आणि म्हणाला, "माले मना गावमाच ऱ्हावानं शे. मायजोडे."

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण एका सरकारी दालनात, टेबलाच्या पलीकडच्या माणसांनी ते त्याच्या तोंडून ऐकून घेतलं आणि टिपून ठेवलं, ही घटना आमच्या घरासाठी मोठी होती. ४३ वर्षांत कुठल्याही कचेरीत कोणी त्याला काही विचारलं नव्हतं. दवाखान्यात सुद्धा "पोट कुठे दुखतं?" हे डॉक्टर मायला विचारतात.

दुसरा प्रश्न मला आला: पालकत्व कशासाठी हवं? मी म्हटलं, सगळ्यासाठीच. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की समितीला दोन गोष्टी बघाव्याच लागतात, या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. घरी येऊन मी कायदा पुन्हा वाचला, तो तसाच आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आणखी पुढे जातो. त्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. पालक आणि ती व्यक्ती यांनी एकमेकांवरच्या विश्वासाने मिळून निर्णय घ्यायचा, तोही ठरावीक कामापुरता आणि ठरावीक काळापुरता, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. मुळात प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे असं १३ वं कलम म्हणतं. आधी आधार द्यायचा, आणि तेवढा आधार देऊनही जमत नसेल तिथेच पालक.

मग आम्ही बसून कामं लिहून काढली. शेताचे कागद, कर्ज, विमा, पीकनुकसान भरपाई. बँकेतली मोठी रक्कम. कुटुंब निवृत्तिवेतन. ऑपरेशनची वेळ आली तर संमती. एवढं माझ्याकडे. तो कुठे राहणार, काय खाणार, कोणते कपडे घालणार, कोणाकडे जाणार, हे यादीत नाही. डेअरीतून मिळणारे पैसे त्याचेच राहतील आणि तो ते यात्रेत फुगे घेऊन उडवेल तरी मी काही बोलायचं नाही. शेवटचं नानांनी सुचवलं, हे मुद्दाम सांगते.

मतदानाबद्दल अनेक जण विचारतात. पालक नेमला की मतदानाचा हक्क जातो, असा समज आहे. कायद्यात मतदार यादीतून अपात्र ठरायचं तर सक्षम न्यायालयाने त्या व्यक्तीला तसं घोषित केलेलं असावं लागतं. समिती हे न्यायालय नाही आणि तिने तसं काही घोषित केलेलं नाही. बापू मतदान करतो. बोटावरची शाई चार दिवस गावभर दाखवतो.

पालकत्वाचा अर्थ समोरच्याची इच्छा पुसून टाकणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलेलं आहे. २००९ चं सुचिता श्रीवास्तव प्रकरण या विषयावर काम करणारे सगळे सांगतात. चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणारी सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेली तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली होती. प्रशासनाला गर्भपात करायचा होता, तिला बाळ हवं होतं. न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. मुलींच्या पालकांनी हे प्रकरण जरूर वाचावं. आपल्याकडे अशा मुलींच्या शरीराबद्दलचे निर्णय त्यांना न विचारता घेतले जातात, आणि "तिच्या भल्यासाठीच" म्हणून घेतले जातात. शाळेच्या निमित्ताने मी अशा घरांमध्ये गेले आहे. त्याबद्दल अधिक लिहिणं मला आज जमणार नाही.

समितीने दिलेला पालकत्वाचा दाखला हातात आल्यावर बँकेत गेले. तिथल्या माणसाने असा दाखला कधी पाहिलेला नव्हता. त्याला कोर्टाचाच आदेश हवा होता. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलेलं आहे की राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीने दिलेला पालकत्वाचा दाखला ग्राह्य धरता येतो. त्या परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा. मी ठेवली होती, आणि काम झालं. फक्त एवढ्यासाठी प्रत्येक कुटुंबाला स्वतःच कायदा पाठ करावा लागू नये, असं फार वाटतं.

पेन्शनचंही सांगते. आप्पा प्राथमिक शिक्षक होते, त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मायला मिळतं. मायनंतर, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते हयातभर मिळू शकतं. पण त्याचं नाव, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकाचं नाव आधीपासून नोंदलेलं असेल तर नंतर हाल होत नाहीत. घरात निवृत्तिवेतनधारक असेल आणि असं मूल असेल तर हे काम आईवडिलांच्या हयातीतच करून घ्या. न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजनाही आहे, एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. तिच्यासाठी पालकत्वापर्यंत थांबायचं कारण नाही, मूल लहान असतानाच नोंदणी करता येते.

आता ज्यांच्यासाठी हा दरवाजा उघडत नाही त्यांच्याबद्दल. जळगावला माझी एक मैत्रीण राहते. तिच्या वडिलांना मेंदूत रक्तस्राव झाला, ते शुद्धीवर आलेच नाहीत. दवाखान्याचा खर्च चालू, ठेवी वडिलांच्या एकट्याच्या नावावर, आणि बँक पैसे द्यायला तयार नाही. तिने राष्ट्रीय न्यासाची चौकशी केली, पण तो कायदा चारच प्रकारांना लागू आहे. पक्षाघात, कोमा, म्हातारपणचा स्मृतिभ्रंश हे त्यात बसत नाहीत. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे, तो अज्ञान मुलांसाठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता, ठेवी मोडण्यासाठी नव्हे. वडिलांनी आधीच कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं असतं तरी भागलं नसतं. करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारीही संपते. ज्या दिवशी तिची खरी गरज लागते त्याच दिवशी ती निकामी होते.

अशा वेळी उरतं उच्च न्यायालय. संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली अर्ज करायचा आणि न्यायालयाने पालक नेमायचा. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, मुंबई उच्च न्यायालयानेही असे आदेश दिलेले आहेत. पण जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसासाठी उच्च न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. दवाखान्यात माणूस पडलेला असताना वकील शोधायचा, तिकडे जायचं, वैद्यकीय मंडळाचे अहवाल गोळा करायचे. माझ्या मैत्रिणीने सोनं मोडून खर्च भागवला. बापूसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जी समिती आहे तशीच सोय या माणसांसाठी का नसावी, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. यासाठी स्वतंत्र कायदा व्हायलाच हवा. तोवर हातात एवढंच आहे की ठेवी दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही काढता येतील अशा ठेवाव्यात, आणि हे धडधाकट असतानाच करावं.

दिव्यांग चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात की पालकत्वच नको. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली आहे, आणि त्याचा १२ वा अनुच्छेद सांगतो की व्यक्तीच्या जागी दुसऱ्याने निर्णय घेण्यापेक्षा तिला निर्णय घ्यायला मदत करा. त्यांचं म्हणणं मी आदराने ऐकते. बापूकडे पाहून ते बरंच पटतं. पण दुय्यम निबंधकाच्या टेबलावर, बँकेच्या काउंटरवर आज सही मागतात, आणि तिथे पालक नसेल तर त्याच्या जागी गुपचूप अंगठा येतो. त्यापेक्षा नाव-गाव असलेला, हिशेब देणारा, काढता येणारा पालक बरा, असं माझं मत आहे. अट एकच, त्याच्या हातात लागेल तेवढंच द्यावं.

सध्या आमच्या घरी पुढच्या नावाचा विचार चालू आहे. मीही पन्नाशीच्या पुढे आहे. पालकाचं काही बरंवाईट झालं तर नवा अर्ज करून नवा पालक नेमावा लागतो, ते आपोआप कोणाकडे जात नाही. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, ती मनापासून तयार आहे. पण बापूला पुणं नको. नानांचा नातू गावातच शेती करतो, बापूला मोटारसायकलवर डेअरीपर्यंत सोडतो, दोघांचं जमतं. मुलीने कागदपत्रं बघावीत आणि त्याने रोजचं बघावं, असं दोघांचं मिळून करता येईल का, हे जूनच्या आत हिशेब द्यायला जाईन तेव्हा समितीला विचारायचं आहे. बापूलाही सोबत नेणार आहे. परवा मी त्याला दोन्ही नावं सांगितली. "देखू," म्हणाला, आणि बरणी घेऊन डेअरीवर गेला. त्याला विचार करायला वेळ हवा असेल तर तो द्यायला हवा.